धूर दाखवी गाडीची गळती

तर्कशास्त्राच्या तासाला मी मुलांना शिकवतो, की धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार. गॅरेजमध्ये मात्र धूर पाहून भोकाचे अनुमान करतात. धूर म्हणा की कन्नडमधला 'होगे', काम तेच!

पेट्रोल गाडीची इनटेकची नळी तडकली, की सेन्सरने न मोजलेली हवा इंजिनात शिरते. आयडलिंग वर-खाली होते, 'चेक इंजिन'चा दिवा लागतो. मग अंदाजाने सुटे भाग बदलण्यात पैसे जातात.

त्यापेक्षा धुराचे यंत्र करावे. उद्यमबागेत वेल्ड करून घेतलेला घट्ट झाकणाचा डबा, तळाशी थोडे बेबी ऑइल, १२ व्होल्टचा डिझेल ग्लो प्लग आणि दोन नळ्या, एक हवेची व एक धुराची. इंजिन बंद आणि थंड ठेवा. एअर फिल्टरकडचे तोंड बुजवून ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीच्या जागेतून धूर सोडा. बॅटरीच्या झोतात फट दिसते.

दाब १ पीएसआयपेक्षा जास्त नको. हवेच्या नळीचा एक फाटा उंच पाइपातल्या ६० सेंटीमीटर पाण्यात बुडवा. जादा हवा बुडबुड्यांवाटे निघून जाईल. डबा उघड्यावर ठेवा, प्लग सलग चालू ठेवू नका.

पेट्रोलच्या टाकीला किंवा तिच्या वाफेच्या नळ्यांना हा डबा कधीही लावू नका. पेट्रोलची वाफ, हवा आणि तापलेला प्लग एकत्र आले, तर तर्कशास्त्रातला अग्नी खराच भेटेल. तिथे नायट्रोजनवर चालणारे विकतचे यंत्र आणि जाणता मेकॅनिकच हवा. काटकसर करावी, पण जिवाशी नव्हे.