सेगोव्हिया : डोंगराच्या पाण्यावर वाढलेले शहर

सेगोव्हिया हे मध्य स्पेनमधल्या कास्तिया प्रदेशातले एक जिल्ह्याचे ठिकाण. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. माद्रिदच्या वायव्येला, ग्वादारामा पर्वतरांग ओलांडली की तिच्या उत्तर पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटर उंचीवर हे शहर लागते. एरेस्मा आणि क्लामोरेस या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात एक लांबट, उभ्या कड्यांचा खडक आहे. जुने शहर या खडकावर, तटबंदीच्या आत वसले आहे. 1985 मध्ये युनेस्कोने जुने शहर आणि तिथला रोमन जलसेतू यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले.

माद्रिदहून सकाळी येणारे प्रवासी बहुधा जलसेतू, कॅथेड्रल आणि किल्ला पाहून संध्याकाळी परततात. पण या शहराला पाणी, दगड, लाकूड आणि लोकर हे सारे भोवतालच्या मुलखाने पुरवले. शहराची गोष्ट डोंगरात सुरू होते, म्हणून शहर आणि परिसर एकत्रच पाहावे लागतात.

खडकावरची जागा संरक्षणाला उत्तम होती, पण नद्या खाली दरीत वाहत होत्या आणि पाणी वर चढवणे अवघड होते. रोमन स्थापत्यकारांनी हा प्रश्न इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीस सोडवला. सुमारे 15 किलोमीटर अंतरावरच्या डोंगरातला एक ओढा त्यांनी अडवला आणि त्याचे पाणी मंद उताराच्या पाटातून शहराकडे आणले. वाटेत हौद बांधले. त्यांत पाण्याचा वेग कमी होई, वाळू तळाशी बसे आणि वरचे नितळ पाणी पुढे जाई. शहराच्या तोंडाशी मात्र जमीन एकदम खोल जाते. तो खोलगट भाग ओलांडण्यासाठी त्यांनी कमानींवर पाट चढवला. हाच सेगोव्हियाचा जलसेतू.

अथोगेखो चौकात जलसेतूची उंची सुमारे 28 मीटर भरते. तिथे एकावर एक अशा कमानींच्या दोन रांगा आहेत. एकूण कमानी 167 मानल्या जातात आणि त्यांत वीस हजारांहून अधिक ग्रॅनाइटचे चिरे बसवले आहेत. या चिऱ्यांच्या मध्ये चुना नाही की दुसरा कोणता सांधा नाही. प्रत्येक चिरा नेमक्या मापात घडवलेला आहे. कमानीचे दगड आपल्याच वजनाने एकमेकांना दाबून धरतात आणि तो भार खांबांतून जमिनीत उतरतो. जवळ जाऊन पाहिले तर बहुतेक चिऱ्यांच्या दर्शनी बाजूला लहानसा खळगा दिसतो. चिरा उचलणाऱ्या लोखंडी चिमट्याची टोके त्या खळग्यात अडकवत. लोककथेत हेच खळगे सैतानाच्या बोटांचे ठसे आहेत. रोज चढ चढून पाणी भरणाऱ्या एका मुलीने, रात्रीत पाणी दारात आणून देण्याच्या बदल्यात सैतानाला आपला आत्मा देऊ केला. पहाट झाली तेव्हा एकच दगड बसायचा राहिला होता, म्हणून ती वाचली. पाणी वाहून आणण्याचे कष्ट या शहराला किती जाणवत असतील, ते या कथेवरून कळते.

अकराव्या शतकातल्या लढायांत काही कमानी पडल्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्या पुन्हा उभारल्या गेल्या. मोटारींच्या धुराने आणि हादऱ्यांनी दगडाला धोका होऊ लागला, तेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरीस कमानींखालची वाहतूक बंद करण्यात आली.

चौकातून जुन्या शहराकडे चढणारा रस्ता पायीच चालावा. वाटेत ‘कासा दे लोस पिकोस’ हा वाडा लागतो. त्याच्या दर्शनी भिंतीवर टोकदार घडवलेले शेकडो ग्रॅनाइटचे दगड बसवले आहेत आणि सूर्य सरकेल तशा त्यांच्या सावल्या बदलत जातात. पुढे घरोघरी भिंतींवर नक्षी दिसते. तिला ‘एस्ग्राफियादो’ म्हणतात. भिंतीला चुन्याच्या गिलाव्याचे दोन थर देतात. वरचा थर ओला असतानाच त्यावर नमुन्याचा साचा धरतात आणि नको तेवढा भाग खरवडून काढतात. मग खालचा वेगळ्या रंगाचा, खडबडीत थर उघडा पडतो आणि नक्षी उठून दिसते. वर्तुळे, पाने, जाळी असे नमुने गल्लीगल्लीत बदलतात. इथल्या कारागिरांनी ही कला आजही जिवंत ठेवली आहे.

असे वाडे बांधण्याइतका पैसा मुख्यतः लोकरीतून आला. मेरिनो मेंढ्यांचे कळप उन्हाळ्यात डोंगराच्या कुरणांवर चरत आणि हिवाळ्यात शेकडो किलोमीटर चालून दक्षिणेच्या उबदार मुलखात जात. या वाटांना राजाचे संरक्षण होते. सोळाव्या शतकात सेगोव्हियाचे लोकरी कापड स्पेनमध्ये नावाजलेले होते.

मुख्य चौकातले कॅथेड्रल त्याच काळातले. 1520 आणि 1521 मध्ये कास्तियाच्या शहरांनी राजा पहिला कार्लोस याच्या विरोधात उठाव केला. त्या धुमश्चक्रीत किल्ल्यासमोरचे जुने कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले. नव्याचे काम 1525 मध्ये शहराच्या सर्वांत उंच भागात सुरू झाले. खुआन खिल दे ओन्तान्योन या स्थापत्यकाराने त्याचा आराखडा केला आणि पुढे त्याचा मुलगा रोद्रिगो याने काम चालवले. कॅथेड्रलचा समर्पण सोहळा 1768 मध्ये झाला. युरोपात गॉथिक शैली मागे पडत असताना सुरू झालेले हे अगदी शेवटच्या गॉथिक कॅथेड्रलांपैकी एक. जुन्या कॅथेड्रलची कमानींची ओसरी वाचली होती. तिचा दगड न् दगड सुटा करून ती नव्या जागी पुन्हा जोडण्यात आली.

कॅथेड्रलच्या दक्षिणेला जुनी यहुदी वस्ती होती. 1492 च्या राजाज्ञेने यहुद्यांना स्पेन सोडावे लागले. त्यांचे मुख्य प्रार्थनास्थळ त्याआधीच चर्च झाले होते. नालेच्या आकाराच्या कमानी तिथे आजही पाहायला मिळतात. जवळच्या एका गल्लीत कवी आन्तोनियो माचादो 1919 ते 1932 या काळात राहिले. ते इथे फ्रेंच शिकवत. त्यांची साधी खोली आता संग्रहालय आहे.

खडकाच्या पश्चिम टोकावर, दोन नद्यांच्या संगमावर अल्काथार हा किल्ला आहे. खालून पाहिले तर तो पाणी कापत निघालेल्या जहाजाच्या नाळेसारखा दिसतो. 13 डिसेंबर 1474 रोजी सेगोव्हियात इसाबेलला कास्तियाची राणी म्हणून घोषित करण्यात आले. कोलंबसाच्या सफरीला पाठबळ देणारी राणी ती हीच. पुढे फिलिप दुसरा याने किल्ल्याला पाटीच्या दगडाची निमुळती छपरे चढवली. 1764 पासून इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची शाळा होती. 1862 च्या आगीत किल्ल्याचा मोठा भाग जळाला आणि दालनांची कोरीव छते नष्ट झाली. आज दिसणारी बरीचशी छते नंतर जुन्या चित्रांच्या आधाराने घडवलेली आहेत. खुआन दुसरा याच्या नावाच्या बुरुजावर दीडशेहून अधिक पायऱ्या चढून गेले, की शहर आणि डोंगर एका नजरेत येतात.

किल्ल्याच्या खाली, एरेस्माच्या काठाने चालत गेल्यास जुनी टांकसाळ लागते. फिलिप दुसरा याने ती 1583 मध्ये स्थापन केली. हातोड्याने नाणी ठोकण्याऐवजी नदीच्या पाण्यावर फिरणारी चाके आणि रूळ वापरून इथे नाणी पाडली जात. हे यंत्रतंत्र आल्प्समधल्या टिरोल प्रांतातून आणले होते. हाच फिलिप त्या काळी पोर्तुगालचाही राजा होता. त्यामुळे टांकसाळीची चाके फिरू लागली तेव्हा गोवाही याच मुकुटाखाली होता. नदीपलीकडच्या माळावर बारा बाजूंचे ‘वेरा क्रूथ’ हे तेराव्या शतकाच्या आरंभीचे चर्च एकटे उभे आहे. सायंकाळच्या उन्हात किल्ला पाहायला यासारखी दुसरी जागा नाही.

सेगोव्हियाचे खाणेही या मुलखातूनच आले आहे. दूध पिणारे डुकराचे पिल्लू मातीच्या पसरट भांड्यात ठेवून लाकडाच्या भट्टीत भाजतात. या पदार्थाला ‘कोचिनियो’ म्हणतात. त्याचे मांस इतके मऊ असते, की ते सुरीऐवजी ताटलीच्या कडेने कापून दाखवण्याची रीत पडली आहे. ‘खुदियोनेस’ हे ला ग्रान्खा गावाचे टपोरे पांढरे घेवडे. शाकाहारी माणसाने हे आधी विचारूनच मागवावेत, कारण ते बहुधा डुकराच्या मांसासह शिजवतात. ‘पोंचे’ या गोड पदार्थात मऊ केक, अंड्याची साय आणि बदामाचा लगदा असे थर असतात. वर साखर घालून तापलेल्या सळईने चौकटी डागतात.

शहरापासून सुमारे 11 किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत ला ग्रान्खा दे सान इल्देफोन्सो हे राजवाड्याचे गाव आहे. फिलिप पाचवा हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू आणि स्पेनचा पहिला बूर्बोन राजा. बालपणीच्या व्हर्सायच्या आठवणीने त्याने 1720 च्या दशकात हा वाडा आणि बागा उभारल्या. बागांच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर एक मोठा तलाव आहे. त्याला ‘एल मार’, म्हणजे समुद्र, असे नाव दिले आहे. तिथले पाणी नळांतून खाली येते आणि उंचीच्या दाबानेच कारंज्यांतून उसळते. ‘फामा’ कारंज्याची धार सुमारे 40 मीटर चढते. त्यासाठी कोणताही पंप लागत नाही. रोमनांनी ज्या उताराचा उपयोग तहानेसाठी केला, त्याचाच उपयोग राजाने शोभेसाठी केला. पाणी जपून वापरावे लागते, म्हणून कारंजी ठरावीक दिवशीच सुरू करतात. गावात अठराव्या शतकातला शाही काचकारखानाही आहे. तिथे कारागीर तोंडाने फुंकून काच घडवताना पाहता येतात. भट्ट्यांना लागणारे लाकूड जवळच्या वाल्साईनच्या पाइनच्या जंगलातून येई.

ईशान्येकडे गेले की मैदानातून दोन जुनी गावे दिसतात. पेद्राथा या तटबंदीच्या गावाला आत जायला एकच वेस आहे. त्याच्या चौकाभोवती लाकडी खांबांच्या ओसऱ्या आहेत आणि बऱ्याच घरांवर जुन्या घराण्यांची दगडी चिन्हे आहेत. जुलैत दोन शनिवारी गावातले दिवे मालवून हजारो मेणबत्त्या लावतात आणि संगीताचे कार्यक्रम होतात. पुढे सेपूलवेदा. त्याचे एल साल्वादोर चर्च अकराव्या शतकातले, या प्रदेशातल्या सर्वांत जुन्या रोमानेस्क चर्चपैकी एक. बाजूने ओसरी ठेवण्याची जी पद्धत सेगोव्हियाच्या चर्चमध्ये पुढे रूढ झाली, तिचा जुना नमुना इथे दिसतो.

सेपूलवेदाच्या पलीकडे दुरातोन नदीने चुनखडीचा थर कापून वळणावळणाची घळ केली आहे. तिचे कडे काही ठिकाणी 100 मीटरहून उंच आहेत. कड्यांच्या कपारींत ग्रिफन गिधाडांची शेकडो घरटी आहेत. ऊन तापून हवा वर उठू लागली, की ती पंख न हलवता माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून जातात. घळीच्या एका वळणावर, तीन बाजूंनी कडा असलेल्या टोकावर सान फ्रुतोस या सेगोव्हियाच्या संरक्षक संताचा आश्रम पडक्या अवस्थेत उभा आहे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात घळीच्या काही भागांत जायला परवाना लागतो.

माद्रिदच्या चामार्तिन स्थानकावरून वेगवान रेल्वेने सेगोव्हिया सुमारे अर्ध्या तासावर आहे. तिथले स्थानक गावाबाहेर असले तरी शहरात बस जाते. ला ग्रान्खालाही बस आहे. पेद्राथा आणि दुरातोनसाठी मोटार घेणे सोयीचे. हिवाळा कडक असतो आणि बर्फ पडतो. मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने फिरायला चांगले.

एका दिवसात जलसेतू पाहून होतो, पण त्यातून पूर्वी वाहणारे पाणी कुठून येई हे कळायला डोंगरापर्यंत जावे लागते. सेगोव्हियाला जाणाऱ्याने तिथे निदान दोन रात्री मुक्काम करावा.