विमानयुद्धाचा खेळ : आधी नजर, मग नेम

लढाऊ विमानांचे सगळेच गेम सारखे नसतात. 2001 सालचा 'आयएल-2 स्टुर्मोविक' घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीवरचा हा गेम. इथे नुसतं बटण दाबून भागत नाही. जोरात वळलं की वेग घटतो; फारच जोरात वळलं तर वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. उंचावरच्या विमानाचं पारडं जड, कारण खाली झेपावताना स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते. सूर्याच्या बाजूने आलेलं विमान पटकन दिसत नाही, म्हणून सारखं मागे-वर पाहावं लागतं. त्यामुळे मुलांना स्कोअर विचारण्यापेक्षा "शत्रू कुठून आला? आधी का दिसला नाही?" असं विचारून पाहा. आणि हेही सांगा, गेम पुन्हा सुरू होतो. खऱ्या वैमानिकाला ती सोय नव्हती.