डोक्याला मसाज करणारी यंत्रे : विसावा किती, उपचार किती?

दिवसभर संगणकासमोर काम केल्यानंतर, परीक्षेच्या काळात किंवा सलग काही रात्री अपुरी झोप झाल्यावर कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना सुरू होते. अशा डोकेदुखीवर उपाय म्हणून हातांचा वापर न करता डोक्याला मसाज करणारी यंत्रे बाजारात उपलब्ध आहेत. हेल्मेटसारखे यंत्र डोक्यावर चढवायचे, कळ दाबायची आणि पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसायचे, एवढीच कृती त्यासाठी करावी लागते. या यंत्रांनी बरे वाटते, असे वापरणारे अनेकजण सांगतात. परंतु बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे. हे अंतर लक्षात न घेतल्यास गंभीर आजाराकडे दुर्लक्ष होण्याचा धोका संभवतो.

तणावजन्य डोकेदुखी कशी ओळखावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजेच ३१० कोटी व्यक्तींना डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. त्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार तणावजन्य डोकेदुखीचा आहे.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार ही वेदना सामान्यतः डोक्याच्या दोन्ही बाजूंना होते, ठणकण्याऐवजी दाबल्यासारखी वा आवळल्यासारखी असते आणि तिची तीव्रता सौम्य ते मध्यम असते. चालणे किंवा जिना चढणे अशा नेहमीच्या हालचालींनी ती वाढत नाही आणि तिच्यासोबत उलट्या होत नाहीत. ती अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकू शकते. महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ती होत राहिल्यास तिला जुनाट डोकेदुखी म्हणतात. मायग्रेन हा याहून वेगळा विकार असून त्यात बहुधा एका बाजूला ठणका, मळमळ आणि प्रकाश वा आवाज सहन न होणे ही लक्षणे दिसतात.

यंत्राचे कार्य कसे चालते?

ही यंत्रे साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात हेल्मेटच्या आत हवेच्या लहान पिशव्या बसविलेल्या असतात. छोटा पंप त्या आळीपाळीने फुगवतो आणि रिकाम्या करतो. रक्तदाब मोजताना दंडावरील पट्टा फुगतो, तसाच दाब येथे कपाळ, कानशिले आणि डोक्याच्या मागील भागावर येतो. काही यंत्रांत ऊब देण्याचीही सोय असते. दुसऱ्या प्रकारात मऊ, बोटांसारखी टोके आणि कंपन निर्माण करणाऱ्या लहान मोटारी असतात. तिसऱ्या प्रकाराला वीज लागत नाही. दोन उंचवटे असलेला टणक आधार मानेच्या वरच्या टोकाशी ठेवून उताणे पडायचे असते आणि डोक्याच्या स्वतःच्या वजनानेच तेथील स्नायूंवर दाब येतो.

या स्पर्शाने वेदना कमी का वाटते, याचे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मिळते. स्पर्श आणि दाब यांचे संदेश वाहणारे जाड मज्जातंतू उद्दीपित झाले, की मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अटकाव होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. गुडघा आपटल्यावर आपण तो नकळत चोळतो, त्यामागील तत्त्वही हेच मानले जाते. मसाजमुळे स्नायूंचा ताठरपणा उतरणे आणि डोळे मिटून बसल्याने मनाला विश्रांती मिळणे, ही आणखी दोन कारणे होत.

तथापि, यंत्र दाब कोठे देते यालाही महत्त्व आहे. तणावजन्य डोकेदुखीत दाबल्यावर दुखणाऱ्या जागा प्रामुख्याने कपाळ, कानशिले, जबडा, मान आणि खांदे येथील स्नायूंत आढळतात. टाळूवर जाड स्नायू नसून कपाळ व डोक्याचा मागील भाग यांच्या स्नायूंना जोडणारा तंतुमय पडदा असतो. त्यामुळे केवळ टाळूवर फिरणारे यंत्र सुखद वाटले, तरी मान आणि खांद्यांच्या आखडलेल्या स्नायूंपर्यंत पोहोचत नाही.

चंपीपासून कंपन करणाऱ्या शिरस्त्राणापर्यंत

डोके चेपून घेण्याची रीत भारतात जुनी आहे. इंग्रजीतील ‘शॅम्पू’ हा शब्द ‘चांपना’ या हिंदी क्रियापदावरून आला असून त्याचा मूळ अर्थ चेपणे असा आहे. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह चालवून ही भारतीय मालीश तेथे लोकप्रिय केली. १९५७ च्या ‘प्यासा’ चित्रपटात जॉनी वॉकर यांनी रंगविलेला मालीशवाला आजही रसिकांच्या स्मरणात आहे.

माणसाच्या हाताचे हे काम यंत्राकडे सोपविण्याचा प्रयत्नही नवा नाही. पार्किन्सनच्या रुग्णांना रेल्वेच्या वा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर काहीसा आराम वाटतो, असे पॅरिसमधील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तें शार्को यांच्या निदर्शनास आले. त्यावरून त्यांनी कंप पावणारी खुर्ची तयार करविली आणि १८९२ मध्ये त्याविषयी व्याख्यान दिले. त्यांचे शिष्य जॉर्ज झिल द ला तुरेत यांनी पुढचे पाऊल टाकत डोक्याला कंपने देणारे शिरस्त्राण विकसित केले. मायग्रेनच्या रुग्णांवरही त्याचा प्रयोग करण्यात आला. आजच्या यंत्रांचे ते पूर्वजच म्हणावे लागेल.

शार्को यांचे १८९३ मध्ये निधन झाले आणि या कल्पनेची पुरेशी पारख होऊ शकली नाही. शिकागो येथील संशोधकांनी ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केली. पार्किन्सनच्या रुग्णांपैकी एका गटाला कंपन करणाऱ्या खुर्चीचा लाभ देण्यात आला, तर दुसऱ्या गटाला खुर्चीत बसवून केवळ शांत ध्वनी ऐकविण्यात आले. महिन्याअखेर दोन्ही गटांत सुधारणा दिसून आली आणि कंपनांचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही.

पुरावा काय सांगतो?

डोकेदुखीच्या बाबतीतही असेच चित्र दिसते. अमेरिकेत ५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला सहा आठवड्यांत बारा वेळा मान व डोक्याचा मसाज देण्यात आला. दुसऱ्या गटाला बंद ठेवलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राचा लटका उपचार मिळाला, तर तिसऱ्या गटाला केवळ प्रतीक्षा यादीत ठेवण्यात आले. पहिल्या दोन्ही गटांत डोकेदुखीचे प्रमाण घटले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. प्रतीक्षा यादीतील रुग्णांत मात्र अशी घट दिसली नाही. आपल्यात बदल झाला, ही भावना मसाज घेणाऱ्यांमध्ये अधिक होती.

ही चाचणी हातांनी केलेल्या मसाजची होती, यंत्राची नव्हे. तरीही तिच्यातून महत्त्वाचा बोध होतो. ठरलेल्या वेळी काम बाजूला ठेवून शांत पडून राहणे आणि आपली काळजी घेतली जात असल्याची जाणीव, यांतही आरामाचा मोठा वाटा असू शकतो. यंत्राच्या निमित्ताने अशी वीस मिनिटे मिळत असतील, तर तो लाभ खराच आहे. परंतु यंत्र डोकेदुखी ‘मुळापासून’ घालविते, हा जाहिरातीतील दावा त्यावरून सिद्ध होत नाही.

गोळ्यांचा सापळा

या यंत्रांचा खरा उपयोग वेदनाशामक गोळ्या कमी करण्यासाठी होऊ शकतो. अधूनमधून होणाऱ्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलसारखे औषध योग्य मात्रेत घेण्यास सहसा हरकत नसते. तथापि, आधीपासून डोकेदुखी असलेल्या व्यक्तीने साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र घटकांची वेदनाशामके दहा किंवा अधिक दिवस अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास औषधांमुळेच डोकेदुखी जडू शकते. दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा दुखणे, असे हे दुष्टचक्र असते. सौम्य वेदनेच्या वेळी गोळीपूर्वी विश्रांती, मान-खांद्यांचे हलके व्यायाम किंवा मसाज करून पाहणे म्हणूनच हिताचे ठरते. डोकेदुखी केव्हा झाली आणि कोणती गोळी घेतली, याची नोंद वहीत ठेवल्यास डॉक्टरांनाही निदान करणे सोपे जाते.

यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडे केव्हा जावे?

अचानक उद्भवलेली आणि क्षणार्धात असह्य झालेली डोकेदुखी, ताप व मान ताठ होणे, बोलण्यात अडखळणे, हातापायांतील शक्ती जाणे, दृष्टीत बदल, फिट येणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, या स्थितीत रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीकडे विशेष लक्ष द्यावे. केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखणे, कानशिलाशी हुळहुळणे आणि चावताना जबडा दुखणे ही तेथील धमन्यांना सूज आल्याची लक्षणे असू शकतात. वेळीच औषधोपचार न झाल्यास या आजारात दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा रुग्णाने तणावाचे दुखणे समजून मसाजच्या यंत्रावर विसंबणे घातक ठरेल.

डोक्याची शस्त्रक्रिया झालेल्या वा मेंदूतील द्रव वाहून नेणारी नळी बसविलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे यंत्र वापरू नये. मानेला हिसका देणारा किंवा जोराचा दाब देणारा मसाज सर्वांनीच टाळावा, कारण त्यामुळे मानेतील धमनीला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

खरेदी करताना

आजाराचे निदान, उपचार किंवा आजारात आराम देण्याच्या उद्देशाने विकली जाणारी उपकरणे केंद्र सरकारच्या ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. एखादा विक्रेता यंत्राने डोकेदुखीचा विकार बरा होतो असे सांगत असेल, तर त्या दाव्याला आधार काय, हे ग्राहकाने अवश्य विचारावे. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता असल्याची खात्री करावी. यंत्र शक्य तर दुकानातच डोक्यावर घालून पाहावे, दाब कमी-जास्त करता येतो का आणि ते मध्येच थांबविता येते का, हे तपासावे. सुरुवात सर्वांत कमी दाबाने आणि थोड्या वेळाने करावी. वेदना वाढल्यास वापर थांबवावा आणि डोकेदुखी वारंवार होत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.