विक्रांत भंगारात गेली, माळ्यावरच्या ट्रंकेचे काय?

युद्धनौका जपायला कोट्यवधी रुपये लागतात. नौदलातील कुटुंबांच्या आठवणी मात्र घरातल्या घरात जपता येतात. त्यासाठी आता फार वेळ उरलेला नाही.

नोव्हेंबर 2014 मध्ये मुंबईत ‘विक्रांत’ तोडायला सुरुवात झाली, तेव्हा किती तरी लोक हळहळले. ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. 1961 साली बेलफास्ट येथे ती आपल्या नौदलात दाखल झाली. 1971 च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. 31 जानेवारी 1997 रोजी ती निवृत्त झाली आणि 2001 पासून मुंबईच्या समुद्रात संग्रहालय म्हणून उभी राहिली. शाळांच्या सहली तिच्यावर जात, मुले विमानांना हात लावून पाहत. पण खारे पाणी पोलादाला सोडत नाही. 2012 मध्ये ती लोकांसाठी धोकादायक ठरवून बंद करण्यात आली आणि दोन वर्षांनी सुमारे 60 कोटी रुपयांना भंगारात गेली. पुढे तिचे पोलाद वितळवून वापरलेली एक मोटारसायकलही बाजारात आली.

‘विराट’चेही तेच झाले. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय उभारण्याची योजना महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजूर केली होती. ती कागदावरच राहिली आणि 2020 साली ‘विराट’ मुंबईहून गुजरातमधील अलंगला तोडण्यासाठी ओढत नेण्यात आली.

यात दोष कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. खरे सांगायचे तर दोनशे मीटरहून लांब जहाज पाण्यात ठेवून जपणे हे श्रीमंत देशांनाही जड जाते. विशाखापट्टणमला वेगळी वाट काढली गेली. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी 31 वर्षांच्या सेवेनंतर 2001 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिला पाण्यातून काढून थेट रामकृष्ण बीचच्या वाळूवर आणून बसवण्यात आले. शेवटचे सहाशे मीटर अंतर कापायला दीड वर्ष लागले आणि सुमारे साडेपाच कोटी रुपये खर्च आला. 2002 पासून ती लोकांसाठी खुली आहे. आत वाकून शिरावे लागते, आणि माहिती सांगायला माजी नौसैनिक असतात. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. मुलांना सुट्टीत जरूर दाखवावे.

पण या संग्रहालयांतून फिरताना एक गोष्ट जाणवते. नौसैनिक कोठे झोपत, काय खात, टॉर्पेडो कसा सोडत हे सारे तेथे दिसते. त्या माणसाचे घर मात्र कोठेच दिसत नाही.

मार्फत फ्लीट मेल ऑफिस

नौदलातल्या घरात पत्राचा पत्ता कसा असे ठाऊक आहे? नाव, हुद्दा, क्रमांक, जहाजाचे नाव आणि खाली ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’, नाही तर कोची, नाही तर विशाखापट्टणम. जहाज नेमके कोठे आहे हे पत्त्यावरून कधीच कळायचे नाही. कळू नये अशीच ती योजना. पत्र टाकले की ते त्याच्या हाती केव्हा पडेल याचा नेम नसे. मुलाला गोवर आला हे बाबांना कळेपर्यंत मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागलेले असे. पाणबुडीवर नेमणूक असेल तर विचारायलाच नको.

दर दोन-तीन वर्षांनी बदली. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव आणि हुद्दा लिहायचा, सामान बांधायचे, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे आणि नव्या गावी नव्या भाषेतला भाजीवाला शोधायचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेली सून विशाखापट्टणमला पुलिहोरा शिकते, कोचीला अवियल शिकते आणि तिच्या पाककृतींच्या वहीत हे सारे मालवणी मसाल्याच्या शेजारी येऊन बसते. आमच्या मते अशी वही म्हणजे नौदलाच्या इतिहासाचाच एक कागद आहे. पण तिला रद्दीत टाकताना कोणी दोनदा विचार करत नाही.

युद्धाच्या वेळी तर घराचा कसच लागे. डिसेंबर 1971 मध्ये मुंबईत ब्लॅकआउट होता, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्याच दिवशी आज नौदल दिन पाळला जातो. पण पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. वाचले ते फक्त 67 जण.

या 194 घरांत त्यानंतर काय घडले? ‘खुकरी’तून वाचलेल्यांच्या हकिकती मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी गोळा केल्या. ते पुस्तक 2006 साली निघाले, म्हणजे तब्बल 35 वर्षांनी. एवढ्या काळात किती जण सांगायला उरले नसतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. दीवला स्मारक आहे. 1989 साली नौदलात आलेली त्याच नावाची दुसरी ‘खुकरी’ 2021 मध्ये निवृत्त झाल्यावर 2022 साली तीही दीवलाच देण्यात आली. जहाजाचे नाव नौदल पुन्हा ठेवू शकते. 2022 मध्ये कोचीत नवी ‘विक्रांत’ही आलीच की. पण 1971 मध्ये पंचविशीत असलेली सून आज ऐंशीच्या घरात आहे.

ट्रंक उघडताना

आपल्या घरात, माहेरी किंवा शेजारी कोणी नौदलातून निवृत्त झाले असेल, तर येत्या सुट्टीतच ती माळ्यावरची ट्रंक खाली काढा.

आधी फोटो. जुन्या फोटोत ओळीने उभे असलेले पांढऱ्या गणवेशातले वीस जण कोण, हे आजोबांनाच विचारावे लागेल. नावे, जहाज, बंदर आणि साल फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. अल्बमला चिकटलेले फोटो ओढून काढू नका, अल्बमसकट त्याचे फोटो घ्या. पत्रांना लावलेल्या टाचण्या आणि रबर काढून टाका, कारण पावसाळ्यात गंज कागदात उतरतो. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नका आणि हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते परत निघत नाही. पत्रे सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात, जमिनीपासून उंच आणि ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावीत.

मग बोलणे. ‘युद्धाबद्दल सांगा’ म्हटले की आजोबा पाठ केलेली दोन वाक्ये सांगून गप्प बसतात. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. जहाजावरची पहिली रात्र कशी गेली? लाटांनी पोट ढवळायचे तेव्हा काय खात होता? आणि आजींना वेगळे बसवून विचारा, नाही तर मधे आजोबाच उत्तरे देतात! जहाज परत येणार हे त्यांना कोण सांगे? पगाराचे पैसे घरी कसे पोचत? शेजारच्या क्वार्टरमध्ये वाईट बातमी आली त्या दिवशी चूल कोणी पेटवली? मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि सुरुवातीलाच तारीख आणि नावे बोलून घ्या. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे. वयस्कर माणसे थकतात, आणि काही आठवणी सांगून झाल्यावर त्यांना थोडे गप्प बसू द्यावे लागते.

मुंबईत 1978 साली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू झाली, ती सागरी इतिहासाचेच काम करते. अशा संस्थेला काही द्यावेसे वाटले तर आधी प्रती द्या. मूळ कागद देण्याचा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्यावा. नवरा-बायकोची पत्रे असतील तर ज्यांची आहेत त्यांना विचारल्याशिवाय मोबाइलच्या कौटुंबिक ग्रुपवरही टाकू नयेत. आणि मुलगा किंवा जावई आज नोकरीत असेल, तर त्याचे जहाज कोठे आहे आणि केव्हा निघणार, हे त्या वहीतही लिहायचे नाही.