हादरा आणि स्फटिक

लोहमार्गास लागून ज्यांचीं घरें आहेत, अशा अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या आमच्या वाचकांस खिडकीच्या तावदानांचा खडखडाट कांहीं नवा नाहीं. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून मध्यरात्रीपर्यंत तीं हादरतच असतात. आतां शास्त्राच्या पुस्तकांत असें आढळतें कीं, निवत असलेल्या द्रवास धक्का लागला तर त्यांत पुष्कळदां चटकन स्फटिक धरूं लागतात. आणि कांच म्हणजे स्फटिक न होतां घट्ट झालेला द्रवच होय. मग वर्षानुवर्षें हादरे खाऊनही हीं तावदानें खडीसाखरेसारखीं दाणेदार व आंधळीं कां होत नाहींत? चौकस विद्यार्थ्यास सहज सुचावा असा हा प्रश्न आहे.

प्रथम कांच आणि स्फटिक यांतील भेद पाहूं. मीठ, तुरटी, साखर यांच्या खड्यांत सूक्ष्म कण कवाइतीस उभ्या केलेल्या मुलांप्रमाणें रांगा धरून असतात. द्रवांत तेच कण मधल्या सुटींतील मुलांप्रमाणें वाटेल तसे फिरतात. द्रव सावकाश निवाला तर त्यांस रांगा धरण्यास अवकाश मिळतो. परंतु तो एकदम निवाला, किंवा मुळांतच फार चिकट असला, तर रांगा लागण्यापूर्वींच सर्वांचे पाय जागच्या जागीं खिळतात. अशी खिळून राहिलेली गर्दी म्हणजेच कांच.

या अर्थानें लोणावळ्याची चिक्की हीदेखील एक प्रकारची कांच ठरते, हें ऐकून आमच्या बालवाचकांस आनंद होईल! गुळाचा पाक कडक होईपर्यंत आटवून, त्यांत शेंगदाणे घालून, तो तत्काळ लाटून पसरतात. रांगा धरण्यास त्यास वेळच मिळत नाहीं. शिवाय गुळांत साखरेबरोबर द्राक्षशर्करा व फलशर्कराही असतात, आणि हे परके कण रांगेंत घुसून ती बिघडवितात. साखरेच्या पाकांत लिंबू पिळण्याचें एक कारण हेंच. आंबटपणानें थोडी साखर फुटून याच दोन शर्करा तयार होतात.

संक्रांतीच्या हलव्याची रीत याच्या अगदीं उलट. मंद आंचेवरील परातींत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर पाक थोडाथोडा सोडतात, आणि बोटांनीं तें सर्व अखंड हालवीत राहतात. दाण्यावर दाणा घासतो, पाकांतील पाणी उडून जातें, साखरेचे बारीक स्फटिक सुटतात, आणि तेच पुढील थराचें बीज होतात. असें करतां करतां दाण्यास काटा फुटतो. ज्या आजीच्या हलव्यास चांगला काटा येतो, तिला स्फटिकशास्त्राचा एक धडा हातानें येत असतो, असें आम्हांस तरी वाटतें.

हादऱ्यानें नेमकें होतें काय? स्फटिकाच्या जन्मांत पहिलें पाऊलच अवघड असतें. चार कण योगायोगानें रांगेंत आले तरी पुन्हां पांगतात. तो पुंजका एका ठराविक आकाराचा झाला म्हणजे मगच टिकतो व वाढतो. हालविल्यानें द्रवांतील नवे नवे कण पुंजक्याजवळ येतात. भांड्याच्या कडेस धरलेले स्फटिक मोडून त्यांचे तुकडे सर्वत्र पसरतात, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र बीज बनतो. म्हणूनच हालवीत निवविलेल्या पदार्थांत थोडे मोठे खडे न होतां पुष्कळ बारीक दाणे होतात. धातूचें ओतकाम करणारेही कधीं कधीं याचसाठीं सांच्यास कंप देतात.

छायाचित्रकारांचा हायपो हा क्षार घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेंत, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, हें पाहतां येतें. त्याचे खडे सुमारें 48 अंश सेंटिग्रेडला वितळतात. स्वच्छ परीक्षानळींत ते पूर्ण वितळवून, तोंड झांकून, नळी न हालवितां निवूं द्यावी. बहुधा खोलीच्या उष्णतामानासही आंत द्रवच राहतो. नळीस टिचकी मारल्यास तो कधीं गोठतो, कधीं नाहीं. पण हायपोचा एक कण आंत टाकला तर क्षणांत स्फटिकांचे पंखे पसरत जातात आणि नळी हातास ऊन लागते. बीजापुढें धक्क्याचा प्रभाव दुय्यमच, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां तावदानाकडे वळूं. हादऱ्याचा असा परिणाम होण्यास कणांस जागा बदलतां आली पाहिजे. खिडकीची कांच सुमारें 550 अंशांच्या आसपास मऊ पडूं लागते, आणि तिच्यांत स्फटिक वाढतात ते त्याहूनही पुष्कळ वरच्या उष्णतामानांत. आपल्या घरांत तिचे कण जखडलेले असतात. गाडीच्या हादऱ्यानें अख्खें तावदान थरथरतें, परंतु आंतील कण आपला शेजार सोडीत नाहीं. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीच्या दगडाचीही हीच स्थिति. सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वींच्या त्या तप्त रसास निवण्यास अवसर मिळाला, म्हणून त्याचे बारीक स्फटिक झाले. असाच रस जेथें पाण्यांत पडून एकदम निवतो, तेथें त्याची काळी कांच होते. आज त्या टेकडीच्या सुमारें 200 फूट उंच दगडी खांबांस कितीही हादरे बसले तरी नवा स्फटिक धरणार नाहीं. बसलेच तर खांबांमधील भेगा मात्र रुंदावतील.

सर्वच कांचा इतक्या शांत वृत्तीच्या नसतात. झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम व सोडियम यांच्या फ्लुओराइडांपासून झीब्लान नांवाची कांच करतात. डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण तिच्यांतून उत्तम जातात. परंतु तार ओढण्यासाठीं ती तापविली कीं एकाएकीं पातळ होते व तिच्यांत सूक्ष्म स्फटिक धरतात. त्यांवर आदळून प्रकाश विखुरतो, आणि तारेचा उपयोग कमी होतो. विमानाच्या विशिष्ट झेपेंत वीसेक सेकंद वजनरहित अवस्था मिळते. तींत ही कांच तापवून पाहिली असतां स्फटिक पुष्कळ कमी धरले. वजनामुळें तप्त कांचेचे थर एकमेकांवरून सरकतात, त्यानें ती अधिकच पातळ होऊन कणांस मोकळीक मिळते, असा कांहीं संशोधकांचा तर्क आहे. पुढें आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही या कांचेच्या तारा ओढण्यांत आल्या. तेथें वजन नसलें तरी पंखे, पंप आणि व्यायाम करणारे अंतराळवीर यांचीं बारीक कंपनें स्थानकभर पसरतच असतात, आणि अशा नाजूक प्रयोगांत त्यांचाही हिशेब धरावा लागतो.