हिमापूर्वीची आगोट : प्रेअरीतील निवृत्तांचे घर आणि शरद ऋतू

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात आणि घाटमाथ्यावर घराघरांतून जी लगबग सुरू होते, तिला आपल्याकडे आगोटीची तयारी म्हणतात. कौलांची शाकारणी करावयाची, पन्हळी मोकळ्या करावयाच्या, सरपण कोरड्या जागी रचावयाचे, धान्याची आणि लोणच्या-पापडांची बेगमी करावयाची. हीच कामे मे महिन्यात उरकली तर थोडक्या खर्चात होतात. पहिला पाऊस कोसळल्यानंतर त्यांना कारागीरही मिळत नाही आणि खर्चाला धरबंधही राहत नाही. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत ही आगोट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. तेथे पावसाऐवजी हिमाची वाट पाहावयाची असते, आणि ते एकदा आले की चार-पाच महिने हलत नाही.

रॉकी पर्वताच्या पूर्वेस दूरवर पसरलेली सपाट गवताळ भूमी म्हणजे प्रेअरी. आल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा हे तीन प्रांत या नावाने ओळखले जातात. कॅल्गारी, एडमंटन, सास्काटून, रिजायना आणि विनिपेग ही त्यांतील प्रमुख शहरे. समुद्र दूर असल्याने येथील हवेला मवाळपणा नाही. विनिपेगमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली 16 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंडीच्या लाटेत पारा अधूनमधून उणे 40 च्या घरात जातो. या एका आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापे एक होतात, म्हणून ‘उणे चाळीस’ म्हटले की तेथे पुढे खुलासा करावा लागत नाही.

अशा प्रदेशात घराची निगा राखणे ही हौस नसून गरज आहे. तरुणपणी ती नोकरीच्या धावपळीत, सुटीच्या दिवशी कशीबशी उरकली जाते. निवृत्तीनंतर मात्र शरद ऋतूतील ही कामे दिवसाला आकार देतात, आणि त्याबरोबरच एक प्रश्नही विचारतात : या घरात आणखी किती हिवाळे स्वतःच्या बळावर काढता येतील?

निवृत्तांचा दिनक्रम

सप्टेंबरच्या मध्यास सास्काचेवानमध्ये बहुतेक ठिकाणी पहिले हिमदव (पाने गोठवणारी पहिली थंडी) पडून गेलेले असते किंवा दाराशी आलेले असते. परसातील टोमॅटोवर संध्याकाळी जुन्या चादरी पांघरल्या जातात आणि सकाळी काढल्या जातात. थंडीचा जोर वाढला की हिरवे टोमॅटो उतरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात पिकत ठेवतात. बाहेर ॲस्पेनची पाने पिवळीधमक होतात. आकाशात बदकांचे आणि हंसकांचे थवे दक्षिणेकडे जाताना दिसतात. रिजायनाच्या उत्तरेस असलेल्या लास्ट माउंटन सरोवराचा काही भाग 1887 मध्ये पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आला. उत्तर अमेरिकेतील ते सर्वांत जुने पक्षी-अभयारण्य मानले जाते. शरद ऋतूत तेथे उतरणारे क्रौंच पाहण्यासाठी निवृत्त दांपत्ये डबा घेऊन दिवसभरासाठी जातात.

शेतांवर याच सुमारास कापणी संपत आलेली असते. धान्यबाजारातील आपल्या व्यापारी कुटुंबांना या प्रदेशाचे नाव नवे नाही. सास्काचेवान हा कॅनडातील मसुरीचा प्रमुख प्रांत आहे, आणि भारतात आयात होणाऱ्या मसुरीचा व पिवळ्या वाटाण्याचा मोठा वाटा कॅनडातून येत आला आहे. शेती मुलांच्या स्वाधीन करून किंवा विकून जवळच्या गावात राहावयास आलेली अनेक वृद्ध माणसे सकाळी एखाद्या उपाहारगृहात नेमाने जमतात. या बैठकीला सास्काचेवानात ‘कॉफी रो’ असे नाव आहे. उतारा किती पडला, भाव काय निघाला, कोणाच्या घराचे छप्पर झाले, कोणाचे राहिले, या सर्वांचा ताळेबंद तेथे रोज मांडला जातो.

निवृत्तांच्या उत्पन्नाची व्यवस्थाही ठराविक आहे. वयाच्या 65 व्या वर्षापासून सरकारी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळते; ते पूर्ण मिळण्यासाठी वयाच्या 18 वर्षांनंतर 40 वर्षे कॅनडात वास्तव्य असावे लागते. त्याशिवाय नोकरीत असताना भरलेल्या वर्गणीवर आधारलेली, 1966 पासून चालू असलेली ‘कॅनडा पेन्शन प्लॅन’ ही योजना आहे. म्हणजे मिळकत बांधील असते. कर्ज फिटलेले घर ही बहुतेकांची सर्वांत मोठी मालमत्ता असते. म्हणूनच अकस्मात उद्भवणारी मोठी दुरुस्ती या वयात फार जड जाते.

पाणी आणि माती

प्रेअरीतील घराचा पहिला शत्रू पाणीच आहे, मग ते गोठलेले असो वा न गोठलेले. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. बंद नळीत ते गोठले तर तांब्याची नळीही फाटते. म्हणून ऑक्टोबरमध्ये बागेच्या नळाची आतील तोटी बंद करतात, बाहेरची तोटी उघडी ठेवून उरलेले पाणी वाहू देतात आणि रबरी नळी काढून गुंडाळून ठेवतात. जमिनीखालून फवारे असतील तर दाबाच्या हवेने त्यांच्या नळ्या कोरड्या करून घेतात. हे काम पाव तासाचे आहे. ते राहून गेले तर नळी भिंतीच्या आत फुटते आणि ते कळते वसंतात, प्रथम नळ सोडल्यावर, जेव्हा तळघरात पाणी उतरू लागते.

दुसरे काम पन्हळींचे. छपराच्या कडेच्या पन्हळी पानांनी तुंबल्या की पाणी भिंतीलगत सांडते. रिजायना आणि विनिपेग ही शहरे हिमयुगाच्या अखेरीस पसरलेल्या प्राचीन सरोवरांच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीवर वसली आहेत. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. पायाजवळ एका बाजूस ओल आणि दुसऱ्या बाजूस कोरड राहिली तर तळघराच्या भिंतीला तडे जातात. म्हणून पन्हळींचे पाणी खाली आणणाऱ्या नळकांड्यांना जोड देऊन ते पायापासून सुमारे दोन मीटर दूर सोडतात आणि भिंतीलगतच्या मातीला बाहेरच्या दिशेने उतार देतात. काही टोपल्या मातीचे हे काम तळघराची भिंत वाचवते.

उष्णता आणि हवा

तळघरातील फर्नेस हा घराचा प्राण. बहुतेक घरांत ती नैसर्गिक वायूवर चालते आणि तापवलेली हवा नळ्यांतून खोल्याखोल्यांत पोहोचवते. थंडी पडण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून तिची तपासणी करून घेणे आणि हवेची गाळणी बदलणे हा शरद ऋतूतील नेम आहे. फर्नेस नादुरुस्त असेल तर ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड घरात साचू शकतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. म्हणून त्याची सूचना देणारा आणि धुराची सूचना देणारा, असे दोन्ही गजर तपासून त्यांचे सेल याच दिवसांत बदलतात. फर्नेसच्या हवेच्या नळ्या घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर निघत असतील तर हिवाळाभर त्यांच्या तोंडाशी बर्फ साचू द्यावयाचा नसतो, हेही घरातील सर्वांना सांगून ठेवतात.

खिडक्या-दारांच्या फटी बुजवणे हे त्यापुढचे काम. आतून खिडकीजवळ ओला हात फिरवला की गार झुळूक कोठून येते ते लगेच कळते. शेते मोकळी झाल्यावर उबेच्या शोधात उंदीर घरांकडे वळतात, आणि पेन्सिल जाईल एवढे भोकही लहान उंदराला पुरते. नळ व तारा भिंतीतून जेथे आत येतात तेथील भोके पोलादी तारेच्या काथ्याने आणि लांबीने बंद केली तर पुढे पिंजरे आणि विष यांचा विचारच करावा लागत नाही. जीव मारण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच दार लावून घेणे, हा उपाय आपल्या वाचकांना सहज पटेल.

मोटारीचीही आगोट असते. तापमान 7 अंशांच्या खाली स्थिरावू लागले की हिवाळी टायर बसवतात. इंजिन उबदार ठेवणाऱ्या विद्युत तापकाची तार तपासून ठेवतात. प्रेअरीत मोटारींच्या पुढील जाळीतून बाहेर लोंबणारी प्लगची तार परक्या माणसास चकित करते, ती याचसाठी. अंगणातील एल्म वृक्षांची छाटणीही आता करता येते. एल्मचा घातक रोग किड्यांमार्फत पसरू नये म्हणून सास्काचेवानमध्ये 1 एप्रिल ते 31 ऑगस्ट या काळात त्यांच्या छाटणीस बंदी असते.

शिडी कोणी चढावी?

येथवरची कामे वाचून ती सोपी वाटतात, आणि पन्नाशीत ती सोपी असतातही. खरी कसोटी सत्तरीनंतर लागते. कॅनडात वृद्धांना दुखापतीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागते त्याचे प्रमुख कारण पडणे हे आहे. पन्हळीतील पाने काढण्यासाठी शिडीवर चढलेला माणूस पाय घसरून पडला, तर त्या एका क्षणात घर टिकवण्याचा सारा हेतूच उलटतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धास जिने असलेल्या घरात परतणे कठीण होते, आणि जे घर राखण्यासाठी तो चढला तेच त्याला सोडावे लागते.

म्हणून तेथील समंजस निवृत्त कामांचे दोन भाग पाडतात. जमिनीवर पाय ठेवून होणारी कामे स्वतःची : गाळणी बदलणे, नळ बंद करणे, फटी बुजवणे, गजर तपासणे, कारागिराला वेळेवर बोलावणे, पावत्या फाइलला लावणे. शिडीची, छपराची आणि जड बर्फ उपसण्याची कामे दुसऱ्याची. बर्फाची तर मुदतही ठरलेली असते. घरासमोरील पदपथ सास्काटूनमध्ये 48 तासांत आणि कॅल्गारीत 24 तासांत मोकळा करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. हे काम करून देणारा शेजारचा मुलगा किंवा ठेकेदार ऑक्टोबरमध्येच ठरवून ठेवतात. कॅल्गारीत वृद्ध शेजाऱ्यांचा बर्फ स्वेच्छेने काढून देणाऱ्यांना ‘स्नो एंजल’ असे कौतुकाचे नाव दिले जाते.

काम दुसऱ्याच्या हाती देणे अनेकांच्या जिवावर येते. आयुष्यभर स्वतःचे छप्पर स्वतः शाकारलेल्या माणसाला ती हार वाटते. पण पेढीची किल्ली मुलाच्या हाती दिल्यावरही जाणते शेठजी रोजकीर्दीवर नजर ठेवतातच. त्यांचे ओझे वाहणे थांबते, त्यांचे जाणणे थांबत नाही. कोणते काम केव्हा व्हावे, कोणाकडून व्हावे आणि ते नीट झाले की नाही, हे ज्याला कळते तोच त्या घराचा खरा मालक. शिडी कोण चढले याला महत्त्व नाही.

तरतूद

या सर्वांमागे हिशेबाचे एक साधे तत्त्व आहे. घराला घसारा लागतो, तो वहीत मांडा अथवा मांडू नका. घराच्या किमतीच्या सुमारे 1 टक्का रक्कम दरवर्षी देखभालीसाठी बाजूला ठेवावी, असा एक ठोकताळा कॅनडा-अमेरिकेत प्रचलित आहे. एखाद्या वर्षी त्यातील थोडीच लागते, एखाद्या वर्षी छपरापायी सारी संपते. ही रक्कम वेगळ्या खात्यात असेल तर निवृत्तिवेतनाला हात लागत नाही आणि मुलांपुढे हात पसरावा लागत नाही. टाळलेली दुरुस्ती म्हणजे बचत नव्हे. ते न नोंदलेले देणे आहे, आणि हिम हा असा सावकार आहे की तो मुदत वाढवून देत नाही.

आपल्यातील अनेक कुटुंबांची मुले कॅनडात स्थिरावली आहेत. आई-वडील काही महिन्यांसाठी तिकडे जातात, तेव्हा शरदातील कामांची यादी आणि तारखांची वही त्यांच्याकडे सोपवावी; त्यांचे दिवस कारणी लागतील आणि घरही सांभाळले जाईल. मुलांनी फक्त शिडी कुलुपात ठेवावी. आणि येथे, स्वतःच्या वाड्यात किंवा सदनिकेत राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही गच्चीची गळती, विजेची जुनी तार, न्हाणीघरातील निसरडी फरशी आणि जिन्याचा सुटलेला कठडा यांची यादी आगोटीपूर्वी करावी, प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव आणि मुदत लिहावी. उतारवयात आपल्या घरी, आपल्या मर्जीने राहता येणे हे मोठे सुख आहे. ते अशाच किरकोळ कामांवर उभे असते, आणि ती कामे ऋतू पालटण्यापूर्वी करावयाची असतात.