आधाराचं घर

वृद्धाश्रम म्हटलं की खेड्यापाड्यांत माणसांचा चेहरा पडतो. ‘मुलांनी टाकलं वाटतं,’ असं कोणीतरी पुटपुटतंच. कधी ते खरंही असतं. पण मी अशा एका घरात काही वर्षं देखरेखीचं काम केलं. तिथली सगळीच माणसं टाकलेली नव्हती. कोणाची मुलं नोकरीपायी दूर, कोणाला मूलच नाही, तर कोणाची सूनच साठीला टेकलेली. सासूबाईंना उठवून न्हाणीत न्यावं इतकं बळ तिच्या कमरेत उरलेलं नाही. अशांना इस्पितळात ठेवण्याचं कारण नसतं आणि एकटं राहणंही जमत नाही. त्यांच्यासाठी हे आधाराचं घर.

आमच्या घरात पंधरा-सोळा माणसं. दिवस पहाटे पाचलाच उजाडे, कारण म्हाताऱ्या माणसाची झोप मुळातच कमी. चहा झाला की अंघोळी. आणि सकाळचं खरं काम तेच. म्हातारं माणूस पडतं ते बहुधा न्हाणीत, नाहीतर रात्री लघवीला उठताना. म्हणून बसायला खुर्ची, भिंतीत घट्ट रोवलेली दांडी, बाहेरूनही उघडेल अशी कडी आणि रात्रभर एक मिणमिणता दिवा. टॉवेल अडकवायची दांडी नव्हे, बरं का! ती अंगाचा भार घेत नाही, हातात येते.

आता मदत किती करायची? एकाची नुसती पाठ चोळायची, दुसऱ्याला पाणी काढून द्यायचं, तिसऱ्यासाठी फक्त दाराबाहेर उभं राहायचं. घाई असली की सगळ्यांनाच आपण अंघोळ घालावी असं वाटतं. काम लवकर उरकतं खरं. पण ज्या हातानं माणूस लोटी उचलत होतं, तो हात चार आठवड्यांत लोटी उचलेनासा होतो.

आमच्याकडे एक आजी रोज तांदूळ निवडायच्या. हात थरथरायचे, अर्धे दाणे खाली सांडायचे. कामाला नवीन आलेल्या मावशींनी एके दिवशी मायेनंच म्हटलं, “राहू द्या आजी, मी करते,” आणि सूप काढून घेतलं. चौथ्या दिवशी आजी जेवायला उठेनात. “माझं इथं काय काम?” एवढंच म्हणाल्या. सूप परत दिलं. दाणे झाडून घ्यायला पाच मिनिटं जास्त लागत, ती लागू दिली.

औषधांचं मात्र तसं नाही. तिथं शिस्त हवी. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या असतील, तर सगळी औषधं पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओतावीत. गोळी दिली की वहीत खूण करायची, नाहीतर तीच गोळी दोनदा जाते. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता पुढं करावं. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आणि कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, तर ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालं असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल, एखादं नवं औषध बाधलं असेल. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि टाचा, कंबर रोज पाहायची. दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर ती जखमेची सुरुवात.

घर निवडताना विचारावं : रात्री जागं कोण असतं? अंथरूण धरल्यावर ठेवून घेता का? अनामत रक्कम परत केव्हा मिळते? उत्तरं कागदावर घ्यावीत, आणि एकदा न सांगता जेवणाच्या वेळी जाऊन यावं.

कायद्याचंही थोडं सांगतो. 2007 साली पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो. त्या कायद्यानं पोटगीची मर्यादा दरमहा 10,000 रुपये ठेवली. ‘सांभाळीन’ या अटीवर जमीन लिहून घेऊन पुढं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. मात्र ती अट दस्तऐवजात लिहून घ्यावी. अडल्यास 14567 हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी आहे. निराधारांसाठी जिल्ह्याला निदान 150 जणांचं वृद्धाश्रम उभारण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. गरज आहेच, पण दीडशेंत कोणाला भाकरी कुस्करून लागते, हे ध्यानात ठेवणं कठीणच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलं वर्षातून एकदा केळी घेऊन येतात, फोटो काढतात, जातात. त्यापेक्षा दर शनिवारी दोनच मुलं पाठवा. आमच्या एका आबांनी उभा जन्म पाटकरी म्हणून काढला होता. कोणत्या चारीला पाणी कधी सुटायचं, वरचा-खालचा शेतकरी कसा भांडायचा, हे मुलं विचारत आणि वहीत उतरवून घेत. आबा दाढी करून घ्यायला कधी तयार नसत, शनिवारी मात्र सकाळीच खुर्ची ओढून अंगणात बसायचे आणि विचारायचे, “पोरं आली का?”